तुळशीकडून मांडवाकडे

निवृत्तीनंतर मी व्हिडिओ कॅमेरा शिकू लागलो, तेव्हा निडी गावातल्या एका लग्नात शूटिंग करणारे एक गृहस्थ पाहिले. नाव विचारण्याचा धीर मला झाला नाही. मंगलाष्टकांच्या वेळी वधूच्या आईने मांडवाकडे पाठ करून तुळशीला पाणी घालायचे, अशी त्या घरची रीत होती.

"भाऊ, अंतरपाट खाली जाताना पोरीचं तोंड मला नाय दिसायचं. तेवढं तू कॅमेऱ्यात धरून ठेव," वधूची आई त्या गृहस्थांना बजावत होती.

"ठेवतो गो. तू खुशाल पाणी घाल."

ते तुळशीपलीकडे उकिडवे बसले. कोणाचा चेहरा स्पष्ट दिसावा हे ठरवणाऱ्या, कॅमेऱ्याच्या भिंगाभोवतीच्या फिरत्या कड्यावर त्यांनी आईसाठी हळदीचा आणि मुलीसाठी कुंकवाचा ठिपका लावला होता. कडे इतके सावकाश का फिरवायचे, असे मी चाचरत विचारले.

खांद्यावरच्या पंच्याला बोटे पुसत ते म्हणाले, "झटका दिला तर बघणाऱ्याला कॅमेरा दिसतो, पोरगी नाय."

शेवटचे 'शुभमंगल' सुरू होताच त्यांनी श्वास रोखला. लांबलेले 'सावधान' संपेपर्यंत कडे हळदीवरून कुंकवावर आले. आईचा चेहरा पुसट होत गेला, अंतरपाट खाली सरला आणि मागे मुलीचे लाजरे हसू स्वच्छ उमटले.

जेवणाआधी आईने ते कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहिले.

"मी पुसट झाले तेच बरं. रडून तोंड बघ कसं झालंय! पोरगी परत दाखव."

पंगतीसाठी हाका पडत होत्या. त्यांनी चित्रफीत पुन्हा मागे नेली, आणि मीही संकोच सोडून तिच्या खांद्यावरून वाकलो.