वाघमारे सरांचं सँडविच

किराणा दुकानात दोन गोष्टी साठतात, माल आणि किस्से. माल विकला की संपतो. किस्सा कितीही जणांना द्या, पोतं आपलं भरलेलंच! मंठ्याच्या बाजारात गल्ल्यावर बसून मी एवढे किस्से गोळा केले की सगळे सांगायला बसलो तर दुकानाला कुलूप लावावं लागेल. म्हणून आज फक्त एका सँडविचचे सांगतो.

हसू नका. नव्वद सालाच्या पुढंमागं आमच्या मंठ्यात मटन, चीज आणि मोसंबीचा मोरंबा घातलेलं सँडविच घरी बनत होतं. बनवणारे आम्ही चौघं. एक मी. दुसरे गफूरभाई, बेकरीवाले. तिसरा धोंडू, मोसंबीच्या बागेचा मालक आणि मटन रांधण्यात वस्ताद. चौथे वाघमारे सर, विज्ञान शिकवायचे, नुकतेच रिटायर झाले होते.

त्याच वर्षी सरांच्या मंडळी, आमच्या सुमनवहिनी गेल्या. एकुलता एक मुलगा मिलिंद नाशिकला बँकेत. लग्न व्हायचं होतं. वहिनींचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि तो म्हणाला, "बाबा, माझ्याकडं चला. इथं तुमच्या खाण्यापिण्याचं कोण बघणार?"

सरांना मंठा सोडायचा नव्हता. बाजारातून चालले की दर दोन दुकानांमागं एक विद्यार्थी उठून उभा राहायचा, असा माणूस नाशिकला जाऊन काय करणार? ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत वेळ दे. नीट जेवत नसलो तर गुपचूप येतो."

मिलिंद आमच्याकडं वळला. "काका, तुमच्या भरवशावर सोडून चाललोय."

झालं! सर मंठ्यात राहणार की जाणार, ते आता त्यांच्या पोटावर आलं. आणि पोट आमच्यावर!

* * *

आमच्याकडच्या पुरुषांची एक गंमत आहे. शेतात पार्टी असली की मटन पुरुषच करणार. बायको जवळ आली तर "तू सरक बाजूला, तुला न्हाई जमायचं" म्हणणार. पण त्या मटनासोबतच्या भाकरी फडक्यात बांधून घरूनच येणार. म्हणजे मटनात आम्ही उस्ताद आणि भाकरीत शून्य! हे आम्हाला सरांच्या स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर कळालं.

डबे पाठवायला आम्ही तयार होतो. सर घेईनात. "तुमच्या बायकांनी काय गुन्हा केलाय? मला शिकवा, मी करतो." शिकवणार कोण? धोंडूनं भाकरी थापली. उचलायला गेला तर निम्मी हातात आली, निम्मी परातीत राहिली.

सर म्हणाले, "धोंडू, मी भाकरी मागितली होती, भागाकार न्हाई!"

धोंडू चिडला. "मंग तुम्ही करा की! मटन शिजून राह्यलंय, ते नुसतंच खाता का आता?"

गफूरभाई इतका वेळ कोपऱ्यात हसत होते. कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे यारो, मेरी बेकरी कायकू है फिर?"

उठले, जाऊन ताजा ब्रेड घेऊन आले. जाड कापलेल्या दोन स्लाइसमध्ये धोंडूचं सुकं मटन. वहिनी गेल्यापासून सर संध्याकाळी चहावरच झोपत होते. त्या दिवशी दोन सँडविच खाल्ली आणि बोटं चाटली. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो होतो, ते त्यांच्या लक्षातच आलं न्हाई.

* * *

आता चीज. जालन्याच्या एका एजंटनं गोड बोलून चीजचे डबे माझ्या गळ्यात मारले होते. मंठ्यात चीज कोण खाणार? डबे फळीवर बसून माझ्याकडं बघायचे, मी त्यांच्याकडं बघायचो.

एके दिवशी शेवंताबाई आल्या. पहिल्यांदाच जावई येणार होता, आणि बाजारात खवा नव्हता. "शेठ, ह्या डब्यात काय हाय?"

मी खरं तेच सांगितलं. "दुधाचंच असतं. घट्ट."

बाईंनी डबा नेला, किसला, मैद्यात मळला, तळला आणि सरळ पाकात सोडला! चीजचे गुलाबजाम! दुसऱ्या दिवशी दुकानात उभ्या. मी म्हटलं, मेलो आता.

"शेठ, माझा जीव खालीवर. खारट गुलाबजाम! पण जावई मुकाट्यानं खाऊन राह्यला. एक झाला, दोन झाले. मी म्हणलं, पाव्हणं, राहू द्या. तर म्हणतो, सासूबाई, अजून हायेत का?"

जावई लाजेनं खात होता की आवडीनं, ते बाईंना आजवर कळालेलं न्हाई. पण माझं डोकं चाललं. खारट चीजला गोडाची जोड चालते! मी एक डबा काखेत मारला आणि थेट सरांचं घर गाठलं.

* * *

गोडासाठी धोंडूनं बागेतली गळालेली मोसंबी आणून ओतली. मोरंबा सरांनी मनावर घेतला. पहिला इतका कडू झाला की गफूरभाईंचे डोळे बंद झाले ते उघडेचनात. सरांनी दुसऱ्या खेपेला साली दोनदा उकळल्या, पाणी फेकून दिलं, मग गूळ घातला. आणि सवय जाते कुठं? पातेल्यात लिटमसचा कागद बुडवून बघितला!

धोंडू वाकून बघत होता. "काय म्हणतोय कागद?"

"आम्ल आहे."

"मंग खायाचं का न्हाई?"

सरांनी चमचा चाटला. मग म्हणाले, "सुमन असती तर म्हणाली असती, वेलदोडा कमी पडला." धोंडू उठला, डबे हुडकले आणि वेलदोडा आणून त्यांच्या हातावर ठेवला.

त्यानंतर सँडविच बसलं ते कायमचं. सरांचे नियम कडक. मटन हाडाशिवाय घ्यायचं, आलं-लसणात मऊ शिजवायचं, कांद्यावर परतून पाणी पार आटवायचं, न्हाईतर पाव भिजतो. चीजची चकती दोन्हीकडून पावाला लागून. मोरंबा मधे मटनावर. "पावाला लावला की गूळ करपतो. लक्षात ठेवा, पुन्हा सांगणार न्हाई!" बाहेरून लोणी लावायचं आणि लांब दांड्याच्या टोस्टरमध्ये दाबून मंद गॅसवर दोन्ही बाजूंनी शेकायचं. पुन्हा सांगणार न्हाई म्हणायचे आणि दर रविवारी सांगायचे.

* * *

माझ्या घरी मटन उंबऱ्याच्या आत येत न्हाई. बायकोच्या, कमलच्या, गळ्यात माळ. माझी मटनाची भांडी, चूल, सगळं मागच्या पत्र्याखाली. लग्नापासून हाच करार.

पावसाळ्यात सरांना ताप भरला. मी त्यांना घरी घेऊन आलो. मागं पत्र्याखाली खाट टाकली, तिथंच धोंडू मटन परतायला लागला. पाऊस तिरपा येऊन राह्यलेला. कमल दारात आली.

"अहो, तुम्हाला काही कळतं का? तापाचा माणूस तुम्ही भिजत ठेवलाय?"

"अगं, मटन आत कसं आणू?"

"मटनाला ताप आलाय का? मटन राहू द्या बाहेर. सरांना आत आणा!"

सरांना तिनं स्वयंपाकघरात, गॅसच्या उबेला पाट टाकून बसवलं. आता आली पंचाईत. ब्रेड, चीज, मोरंबा आत, मटन बाहेर, मधे उंबरा. मंद शेकायचा गॅस आत, बाहेर नुसता चुलीचा जाळ. मी पावसात उभा राहून सँडविच भरलं, टोस्टर बंद केला आणि तसाच हातात धरून राहिलो.

कमलनं माझ्याकडं बघितलं. सरांकडं बघितलं. हात पुढं केला आणि म्हणाली, "द्या इकडं, मी शेकते. आत काय हाय ते मला सांगू नका!"

* * *

दिवाळीच्या आधी मिलिंद आला. रविवारच होता. आमची तयारी जय्यत! सरांची तब्येत तर अशी सुधारली होती की सदऱ्याची बटणं पोटावर ताणलेली. धोंडू माझ्या कानात म्हणाला, "शेठ, बाजी मारली. सर कुठं जात न्हाईत आता!"

मिलिंद हातपाय धुऊन पाटावर बसला. सरांनी पहिलं सँडविच त्याच्या ताटात ठेवलं. तो म्हणाला, "हे काय प्रकरण आहे, बाबा?" आणि घास घेतला.

पहिलं संपलं. दुसरं संपलं. तिसरं घेताना मान वर केली न्हाई. गफूरभाई खुशीत म्हणाले, "खाओ बेटा, घर का है!" धोंडूनं मला कोपरानं ढोसलं. मीही खूश.

सर मात्र हसत नव्हते. हातात टोस्टर धरून पोराकडं बघत होते. सदरा त्याच्या गळ्यापाशी ढिला झालेला. मनगटावरचं घड्याळ कोपराकडं घसरत होतं.

"खाणावळीत काय देतात रे?"

"देतात की," मिलिंद ताटात बघूनच म्हणाला. "काहीतरी असतं."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी... बँकेतून उशीर होतो, बाबा."

सरांनी चौथं सँडविच त्याच्या ताटात ठेवलं. गॅस बंद केला. आत गेले. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा खांद्यावर घड्या घातलेले सदरे होते.

"मिलिंद, मी येतो तुझ्यासोबत. इथं माझ्या जेवणाचं काही खरं न्हाई."

धोंडूचा घास तोंडातच राहिला. "आवं सर, पण..." गफूरभाईंनी त्याच्या पायावर पाय दिला.

मिलिंद गोंधळून आमच्याकडं बघायला लागला. "काका, बाबा मला कधी बोलले न्हाईत. खरंच इतके हाल होत होते का?"

मी सरांच्या पोटावरच्या बटणांकडं बघितलं. धोंडूकडं बघितलं. धोंडूनं घास गिळला, डोळे पुसले आणि म्हणाला,

"लई हाल, बाबा! नेच तू त्यांला."