मार्तंडची रमी

माझा नवरा मार्तंड माणूस म्हणून अगदी साधा. अंधेरीच्या एका ऑफिसात नोकरी, मुलुंडला दोन खोल्यांचं घर, एक मुलगी, रविवारी मासळी. त्याच्याकडे कला एकच होती, नकला करायची. संध्याकाळी कोथिंबीर निवडता निवडता तो मला साहेबांची, वॉचमनची, सोसायटीच्या सेक्रेटरीची नक्कल करून दाखवायचा आणि माझी हसून हसून पुरेवाट व्हायची. आमच्या संसारात चैन म्हणतात ती एवढीच.

मग त्याच्या मोबाइलवर रमी आली, पैसे लावून खेळायची. आधी म्हणाला, टाइमपास आहे गं. हळूहळू कोथिंबीर मी एकटीच निवडायला लागले. भाचीच्या साखरपुड्यात सगळे पंगतीला बसले, तर हा जिन्यात उभा. गंधालीने दहावीचा निकाल सांगितला, तेव्हा मान वर न करता म्हणाला, थांब, डाव संपू दे. घराचा हप्ता चुकला म्हणून जाब विचारला, तर म्हणे पुढच्या डावात भरून काढतो. पैशाची काळजी होतीच. पण खरं सांगते, त्याहून जास्त मी जळत होते. जिंकला तरी तिच्याकडेच बघायचा, हरला तरी तिच्याकडेच. एखादी बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या. हिचं काय उपटणार?

शेवटी ठरवलं, हिला हाकलता येत नाही ना, मग आपणच मध्ये जाऊन बसायचं. एका रविवारी म्हटलं, मलाही शिकव. खरं तर रमी मला चांगली येते, माहेरी सगळी सुट्टी त्यातच जायची. पण अडाण्याचं सोंग घेतलं. मार्तंड खुलला. खांद्याला खांदा लावून एकेक पान समजावू लागला. कित्येक महिन्यांनी त्याचा आवाज इतक्या जवळून ऐकला आणि मी मूर्खासारखी सुखावले.

असेच दोन-तीन रविवार गेले. एकदा डाव रंगात असताना इस्त्रीवाला आला. मार्तंड मोबाइल माझ्या हातात देऊन दाराशी गेला. मी एक पान उचललं आणि रमी लागली. आनंदाने त्याला हाक मारली. त्याने येऊन बघितलं आणि मोबाइल माझ्या हातातून हिसकावला.

"माझा डाव होता तो."

पैसे त्याच्याच खात्यात आले होते. तरी तो जेवला नाही. चहाच्या वेळी आपण होऊन आत आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"अगं क्षमा, तू जिंकलीस आणि मला तुझा हेवा वाटला यार. स्वतःच्या बायकोचा. माझं काहीतरी बिघडलंय ना?"

समजूत घालावीशी वाटली, पण नाही घातली.

"हो," मी म्हटलं.

असली व्यसनं सोडवणारे एक डॉक्टर चेंबूरला बसतात, त्यांच्याकडे दोघांनी जायचं ठरलं. मग त्याने मोबाइल माझ्यापुढे केला. तूच काढून टाक, म्हणाला, माझ्याच्याने होत नाही.

मी काढून टाकली. एवढ्याने ती सुटत नाही हे दोघांनाही कळत होतं. मार्तंड स्क्रीनवरच्या त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. गंधालीच्या वेळी मी चार महिन्यांसाठी माहेरी निघाले होते, तेव्हा याच माणसाने हसत हसत मला टॅक्सीत बसवलं होतं.