कोऱ्या नळीतलं पाणी

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी दुपारी डबा खाताना वाचते, आणि गफलत कुठे झाली असेल ते बहुतेक वेळा दुसऱ्याच परिच्छेदात माझ्या लक्षात येतं. माझा धंदाच तो आहे. 'आसरांनी डोहात ओढून नेलं' म्हणून आलेला माणूस आधी मारून मग पाण्यात टाकला होता, हे मी स्वतः कागदावर सिद्ध केलंय. तेव्हा या बाबतीत मला कुणी शिकवू नये... आणि तरीही हे लिहितेय.

मी आदिलाबाद जिल्ह्यात पोलिसांच्या एका छोट्या प्रयोगशाळेत आहे. सतरा वर्षं झाली. माहेर महाराष्ट्राच्या सीमेला लागलेल्या बेल्याजवळचं, त्यामुळे घरात मराठी, ऑफिसात तेलुगू आणि हिंदी. बुडालेल्या माणसांचं काम माझ्याकडे असतं. कुठल्याही विहिरी-तलावाच्या पाण्यात डायटम नावाचं बारीक शेवाळ असतं. त्याचं कवच काचेचं, म्हणून ते ॲसिडमध्ये उकळलं तरी टिकतं. माणूस जिवंतपणी बुडाला तर पाण्याबरोबर ते त्याच्या हाडाच्या मज्जेत जाऊन बसतं. मेल्यावर टाकलेल्याच्या हाडात सहसा काही मिळत नाही. आणि प्रत्येक पाण्यातले डायटम वेगळे, त्यामुळे माणूस कुठल्या पाण्यात गेला याचा अंदाज बांधता येतो.

दिवाळीनंतरची गोष्ट. गेटवरच्या गार्डने मला बोलावलं. "मॅडम, बुड्ढी को तेलगू नै आता, जरा आप बात करो ना." बाहेर पायरीवर सुभद्राबाई बसल्या होत्या. बेल्याकडच्या, भाजी पिकवणाऱ्या. त्यांची लेक वनिता पैनगंगेत सापडली होती. सासरचे सांगत होते, धुणं धुवायला गेली आणि पाय घसरला. पक्षकारांशी बोलायची आम्हाला परवानगी नसते. मी तेच सांगायला तोंड उघडलं, तर त्याच बोलल्या.

"नदीत मेली मनतात, तं वावरातली विहीर काऊन उपसली त्यायनं?"

आमच्या भागात विहिरीत कुणी मेलं की ती विहीर उपसतात. सगळं पाणी काढून टाकल्याशिवाय त्यातला घोटभरही कुणी पीत नाही. एरवी उपसायची ती उन्हाळ्यात, गाळ काढायला. ऐन वेचणीत, बोंडं फुटलेली असताना, दोन दिवस मोटर लावून वावरात पाणी कोण सोडतं? हे आमच्याकडचं शाळकरी पोरही सांगेल. पंचनाम्यात मात्र त्याचा एक शब्द नव्हता. रिवाज हा पुरावा नसतो ना!

हेड कॉन्स्टेबलला मी विहिरीच्या पाण्याचा नमुना मागितला. तो म्हणाला, "मॅडम, पुराना पानी इच नै बचा. ब्लीचिंग डाल के दीवारां भी घिस दिये उनो. क्या लाऊँ?" मग माझ्याकडे उरलं काय? वनिताचं छातीचं हाड आणि नदीच्या पाण्याची एक बाटली. पण तेवढं पुरे होतं. हाडातलं शेवाळ नदीचं नसेल तर सासरच्यांची गोष्ट खोटी पडत होती, आणि त्या बाईची केस उभी राहत होती.

हाड ॲसिडमध्ये शिजवलं, गाळ काढला, स्लाइड लावली. हाडात डायटम भरपूर होते. म्हणजे पोरगी जिवंत असताना पाण्यात गेली होती. लांबट, होडीच्या आकाराचे, आणि त्यांच्यात एक जात टोकाला वाकडी. साचलेल्या पाण्यातले. नदीच्या बाटलीत त्यातलं एकही नव्हतं. खरं सांगते, मला आनंद झाला. कुणाच्या तरी मरणावर आनंद होणं वाईट, पण झाला.

मग मी ब्लँक बघितला.

ब्लँक म्हणजे कोरी नळी. तेच ॲसिड, तीच काच, फक्त हाड नाही, नुसतं शुद्ध केलेलं पाणी. आमची काच स्वच्छ होती हे दाखवण्यासाठी ती ठेवायची. तिच्यात काहीच दिसता कामा नये. आणि तिच्यात ते होडीसारखे डायटम खच्चून भरले होते, वाकड्या टोकाचेही. हाडात होते त्याहून जास्त.

भूमन्ना आमच्याकडे माझ्याआधीपासून काच धुतोय. मी त्याला वाट्टेल ते बोलले. बिचारा एवढंच म्हणाला, "मॅडम, आप के सामने धोता मैं." मग नवी काच काढली, ॲसिडची नवी बाटली फोडली, पाणी नवं घेतलं. शेजारी उटनूरकडच्या तलावाची दुसरी केस लावली, तिचाही ब्लँक ठेवला. तो कोराकरकरीत आला. वनिताचा पुन्हा भरलेला.

तिसऱ्या वेळेपर्यंत हाड संपलं होतं. खोलीत वनिताचं काहीही नव्हतं, तिच्या केसच्या नंबराची चिठ्ठी लावलेली एक नळी होती फक्त. सकाळचे अकरा वाजले असतील, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. मी स्वतः काच धुतली, स्वतः उकळलं, स्वतः झाकण काढलं. ॲसिडमध्ये उकळलेल्या नळीला ॲसिडचाच वास येतो, बाकी कशाचा येऊ शकत नाही. हिला विहिरीचा आला... काठावरून वाकल्यावर येतो तो गार, शेवाळी वास. मला वाटलं डोकं फिरलं माझं. मी काही बोलायच्या आत मागून भूमन्ना म्हणाला, "मॅडम, बावी का वास आरा." बावी म्हणजे तेलुगूत विहीर. स्लाइड लावली. तेच होतं.

साहेबांना सगळं सांगितलं. ते काही वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "ब्लँक फेल तो टेस्ट फेल. आप सीनियर हो, मैं क्या बोलूँ? बाहर से आया बोलते, तो कहाँ से आया लिख के दो." काय लिहून देणार होते मी?

ब्लँकच्या रकान्यात मी 'स्वच्छ' लिहू शकले असते. कुणाला कळलं असतं? भूमन्ना बोलला नसता आणि साहेबांनी सही केली असती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण सतरा वर्षांत एक अक्षर खोटं लिहिलं नाही याचा मला माज होता. माजच तो, दुसरा शब्द नाही. मी लिहिलं: कोरा नमुना दूषित, मत देता येत नाही. अपघात म्हणून केस बंद झाली. नवरा गावात मोकळा फिरतो. त्या विहिरीवर पुन्हा मोटर चालते म्हणे.

हैदराबादच्या एका जुन्या सहकाऱ्याला मी स्लाइड दाखवल्या. तो म्हणाला, कंटॅमिनेशन. अरे बाबा, ते मलाही कळतं! आलं कुठून ते सांग. ते त्यालाही सांगता आलं नाही.

उन्हाळ्यात सुभद्राबाई परत आल्या. रिपोर्ट तेलुगू-इंग्रजीत, त्यात काय आहे ते कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मी त्यांना आत बसवलं आणि नियम धाब्यावर बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. ऐकताना त्या रडल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"त्या नळीत हाड नोतं?"

"नव्हतं, मावशी."

"अन तरी तेच आलं?"

"हो."

"किती खेपा?"

"तीन."

"मंग माही पोरगी तीन खेपा सांगाले आली," त्या म्हणाल्या, "अन तुमी लिवलं का पानी खराब हाय."

मी त्यांना समजावू लागले. नियम, कोर्ट, उलटतपासणी... माझं मलाच ऐकवेना. त्यांनी ते मध्येच तोडलं.

"ते पानी कुठी हाय आता? मले द्या. मी घेऊन जाईन."

"नाही राहिलं, मावशी. फेकलं."

"कुठी फेकलं?"

मी बेसिनकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

"त्यायनं नदीत फेकली," त्या उठत म्हणाल्या, "तुमी मोरीत."

गेटपर्यंत सोडायला गेले, तर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्या नळीत ते कुठून आलं, मला आजही माहीत नाही. एवढं मात्र पक्कं माहीत आहे की तिन्ही वेळा ते मी माझ्याच हाताने बेसिनमध्ये ओतलं, आणि वरून नळ सोडला.