बसून बोला

वर्ग गप्प बसला की ज्योतीरामचं डोकं फिरायचं. चिंचवडच्या शेतकऱ्याच्या घरातला हा गडी इंजिनिअर झाला आणि पुण्याच्या एका कॉलेजात हंगामी नेमणुकीवर शिकवायला लागला, ते साल पंचावन्न. पिंपरीकडे तेव्हा कुठे कारखाने उभे राहत होते. उद्या ज्यांच्या हाती यंत्रं जायची, ती पोरं वर्गात मात्र मूग गिळून बसायची.

एकदा त्याने फळ्यावर मुद्दाम चुकीची आकृती काढली. पोरांनी ती मन लावून उतरवून घेतली. संध्याकाळी त्याने युनूस नावाच्या हुशार मुलाला स्टेशनवर गाठून विचारलं.

"चूक दिसली होती, सर," युनूस म्हणाला. "पण बोलायचं म्हणजे उभं राहावं लागतं. शाळेपासून आम्ही उभे राहिलो ते छड्या खायलाच."

ज्योतीरामला हे फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने नियमच करून टाकला: ज्याला बोलायचं त्याने बसून बोलायचं, आणि सरांची चूक काढायची असेल तर आणखी ऐसपैस बसून. सुरुवातीला कुणी तोंड उघडेना, पण यानेही हट्ट सोडला नाही. एकाची भीड चेपली, मग दुसऱ्याची. दिवाळीनंतर त्या वर्गाचा आवाज शेजारच्या वर्गात जायला लागला.

तो प्राचार्यांच्याही कानावर गेला. ते कडक शिस्तीचे. "पोरं शेफारलीत तुमची," त्यांनी सुनावलं. "एकदा तुमचं शिकवणं बघतो, मग पुढच्या नेमणुकीचं ठरवू."

"रविवारी चिंचवडला या, सर. विहिरीवर वर्ग घेतो."

विहीर त्याच्या चुलत्यांची, चिमाजींची. त्यांनी नवं इंजिन आणि पंप घेतला होता, तो पोरांसमोर जोडायचा होता. "पोरंच बोलाया लागली तर मास्तर कशाला हाय रं?" चिमाजींनी चिडवलं. ज्योतीराम हसला खरा, पण या नोकरीवर त्याचा जीव होता.

रविवारी प्राचार्यांना बघताच पोरं हाताची घडी घालून मुकाट उभी राहिली. सगळी मेहनत वाया गेली, असं ज्योतीरामला वाटलं. त्या घालमेलीतच त्याने इंजिनाचा पट्टा पंपाच्या चाकावर चढवला आणि हँडलला हात घातला. तोच युनूसने सगळ्यांसमोर चिखलात फतकल मारली.

"हा काय उद्धटपणा? ऊठ," प्राचार्य कडाडले.

"बोलायचंय त्याला," ज्योतीराम ठामपणे म्हणाला. "बोल, युनूस."

"पट्ट्याला पीळ पडलाय, सर. पंप उलटा फिरेल. पाणी चढायचं नाही."

ज्योतीरामने वाकून बघितलं. या वेळची चूक मुद्दाम केलेली नव्हती. प्राचार्यांसमोर ती कबूल करायची म्हणजे नोकरीवर पाणी सोडायची तयारी हवी. "चुकलं माझं," तो म्हणाला. "ये, तूच नीट घाल."

हे ऐकून बाकीचेही भराभर खाली बसले आणि पट्टा कसा घालायचा यावर वाद घालायला लागले. पीळ निघाला, चिमाजींनी पंपात बादलीभर पाणी ओतलं, इंजिन सुरू झालं. पाटात धो धो पाणी पडलं.

सुटाची पर्वा न करता प्राचार्य काठावरच्या ओल्या दगडावर बसले.

"नेमणुकीचं झालं समजा," ते ज्योतीरामला म्हणाले. "मी गणिताचा माणूस. एक गोष्ट मला कधी कळली नाही, आणि कुणाला विचारताही आली नाही. पंपात आधी पाणी का ओतावं लागतं?"