तळटिपेत माझं नाव

"म्हातारे, खाली तुझंच नाव हाय की. आता कावून नाटक करतीस?"

पाटलाचा नातू भर ग्रामसभेत हे बोलला. शाळेच्या पटांगणात. एका हातात माईक, एका हातात मोबाईल. गाव हसलं. हसणाऱ्यांतल्या कितीतरी जणांची मेंढरं त्याच गायरानात चरतात. तरी हसले. मालक हसला की आपणही हसायचं, ही आमच्या गावाची जुनी खोड.

ठराव असा होता. गावच्या गायरानाला तारेचं कुंपण घालायचं, आत झाडं लावायची आणि फाटकावर नातवाच्या मेलेल्या आजोबाचं नाव टाकायचं. स्मृतिवन म्हणे. आमची मेंढरं बाहेर. कारण काय, तर ही जमीन आजोबानं गावाला दान दिली होती. पुरावा काय, तर मोबाईलवरचा ज्ञानकोश. तो कोणीही वाचावा, कोणीही लिहावा असा आहे. त्यात आमच्या गावाचं पान आहे. पानावर दानाची ओळ, ओळीला एक आकडा. आकड्यावर बोट ठेवलं की खाली तळटीप दिसते, ही माहिती कुठून घेतली ते सांगणारी. तिथं एका पेपराचं नाव आणि माझं नाव.

मी उभी राहिले. म्हणाले, "मी असं बोलले न्हाई."

"छापून आलंय. छापलेलं खोटं असतंय का?" मग माईकमधूनच म्हणाला, "मेंढरामागं हिंडून हिंडून डोक्यात लेंड्या भरल्यात हिच्या."

परत हसले. मी खाली बसले. सभा तहकूब झाली ती माणसं कमी भरली म्हणून. माझ्या बोलण्यानं नाही.

घरी आल्यावर सुनेला म्हटलं, दाखव ते पान. चौथीपर्यंत शिकले आहे मी. वाचता येतं.

आमच्याकडे पुढाऱ्याचा वाढदिवस आला की पेपराची पुरवणी निघते. पानभर फोटो, पानभर शुभेच्छा, मधे बातमीसारखी दिसणारी स्तुती. स्वतःच्या गेल्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी हा नातू पेढे घेऊन माझ्या दारात आला होता. "आजी, आमचे आजोबा कसे व्हते?" मी म्हणाले, "व्हते मोठे." एवढंच. पुरवणीत छापलं, आबासाहेबांनी गायरान दान दिलं नसतं तर आमची मेंढरं जगली नसती, हे सांगताना आजींचे डोळे पाणावले.

माझे डोळे मोतीबिंदूनं पाणावतात.

आणि आबासाहेब, म्हणजे याचा आजोबा. मी सात-आठ वर्षांची असेन. गायरानात शिरली म्हणून त्यानं आमची मेंढरं कोंडवाड्यात घातली होती. गायरान सरकारचं, चरण्यासाठी ठेवलेलं. तो मात्र ते स्वतःचंच समजायचा. माझ्या आईनं त्याच्या जोड्यावर डोकं ठेवलं, तेव्हा मेंढरं सुटली. त्यानं पाय मागे घेतला नाही. उलट जोडा पुढे केला. हा दानशूर. जे कधी त्याचं नव्हतं ते दान केलं म्हणे.

सून म्हणाली, "आत्या, केजला वाचनालयात एक मॅडम शिकवत्यात म्हणं, या ज्ञानकोशात कसं लिव्हायचं ते. नव्या माणसांसाठी हाय." आम्ही जीपमध्ये बसून गेलो. सगळी कॉलेजातली पोरं. मला बघून एक जण म्हणाला, "मावशी, दवाखाना पलीकडं हाय." मी म्हणाले, "दिसतोय. तू जाऊन ये." आणि पुढच्या खुर्चीवर बसले.

मॅडम सांगत होती. ज्याचा फायदा आहे त्यानं सांगितलेलं पुरावा होत नाही. वाढदिवसाची पुरवणी म्हणजे जाहिरात. जाहिरातीचा संदर्भ देऊ नये. पुस्तकात जेवढं लिहिलंय तेवढंच त्याच्या नावावर घालावं, पदरचं घालू नये. आणि स्वतःच्या घराबद्दल, स्वतःच्या माणसाबद्दल आपण लिहू नये.

मी माझं सगळं सांगितलं. म्हणाले, आता मला शिकवा. ती ओळ पुसते आणि जोड्याची गोष्ट लिहिते.

तिनं विचारलं, "मावशी, त्या जमिनीशी तुमचा काय संबंध?"

"पोराची मेंढरं चरत्यात."

"मग तुम्ही ते पान बदलू नका. जोड्याची गोष्ट तर नकोच. ती कुठं छापलेली नाही."

माझं डोकं फिरलं. "त्यानं खोटं लिव्हलेलं चालतं आन् मी खरं लिव्हलेलं न्हाई?"

"त्यालाही चालत नाही. ओळ घालणारं खातं त्याच्याच नावाचं आहे, पण तो त्यांचा नातू आहे हे त्यानं सांगितलेलं नाही, एवढंच."

हे मात्र मला पटलं. आमच्यात दोन कळप मिसळले आणि एखाद्या मेंढीवरून भांडण लागलं, की दोन्ही मालकांनी मागे उभं राहायचं असतं. मेंढीच्या कानावरची मालकाची खूण तिसरा माणूस बघतो. एवढी अक्कल आम्हाला आहे. पाटलाच्या घरात शिक्षण एवढं झालं, ही राहूनच गेली.

पानाच्या मागे चर्चेचं पान असतं. तिथं मी सांगितलं आणि सुनेनं टाईप केलं. "तळटिपेतली म्हातारी मी. माझ्या पोराची मेंढरं या गायरानात चरतात, म्हणून मी पानाला हात लावणार नाही. पण माझ्या नावावर घातलेलं वाक्य मी बोललेले नाही. ते पुरवणीत घालणारा आणि या पानावर लिहिणारा आबासाहेबांचा नातू आहे. त्यानं तसं सांगावं."

कोणीतरी अनोळखी माणसानं ती ओळ काढली. चारच दिवसांत दुसऱ्याच नावानं ओळ परत आली. मी परत चर्चेत लिहिलं.

मग तो दारात आला. या वेळी पेढे नव्हते. "आजी, ते लिव्हलेलं काढा. घरातलं भांडण घरात मिटवू."

"तू माझ्या घरातला कधीपास्नं झालास?"

"तुमची मेंढरं तेवढी आत सोडतो. बाकीच्यांची न्हाई. कुणाला सांगू नका."

ऐकून मला किळस आली. आजोबानं डोकं ठेवून घेतलं, हा चारा टाकून मान खाली घालायला सांगतो. वाण तेच. मी दार लावून घेतलं.

तहकूब सभा आता परत लागली आहे. मी जाणार. उठून आधी माझं सांगणार, माझी मेंढरं आहेत, माझा फायदा आहे, हे ऐकून मग माझं बोलणं तोलून घ्या. मग त्याला विचारणार. दानाची ओळ कोणी लिहिली? तू आबासाहेबांचा कोण लागतोस? दानाचा सरकारी कागद कुठं आहे? त्यानं उत्तर दिलं तर ते ग्रामसेवकाला लिहून घ्यायला लावणार. गप्प बसला तर गप्प बसला असं लिहून घ्यायला लावणार. गाव हसेल. हसू दे. ते लिहून होईपर्यंत मी खाली बसणार नाही.