मावसाजींची वर्दी

आपल्या घरात पेटण्यासारखं काय काय आहे, हे आपल्या पायांनी चालत जाऊन सांगणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच झाला, आणि ते माझे मावसाजी होते. देऊळगाव राजाला बालाजीच्या देवळामागच्या गल्लीत त्यांचं गोदाम होतं. कापूस, रॉकेल, गंधक, सगळा भडकू माल. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या सुमारास त्यांनी गोदामाचा विमा उतरवला. सही घेता घेता एजंट सहज बोलून गेला, की धोक्याचा माल आला तर बंबवाल्यांना कळवत चला. विमा गल्लीतल्या इतर व्यापाऱ्यांनीही उतरवला होता, पण ते असला माल उलट झाकून ठेवत. मावसाजींनी मात्र ते वाक्य गुरुमंत्रासारखं धरलं.

नवा माल उतरला, की टोपी सारखी करून ते नगरपालिकेच्या बंबाकडे निघत. तिथल्या जमादाराला नुसतं सांगून त्यांचं समाधान होत नसे. त्याला हाताला धरून गोदामात आणत, माल दाखवत, मग चहा पाजत. लग्नातले उरलेले फटाके, मावशीच्या स्टोव्हमधलं रॉकेल, यांचीही वर्दी गेली. धाकटा जावई विड्या फार ओढतो आणि दिवाळीला मुक्कामाला येतो आहे, हेही ते एकदा सांगून आले. मावशी म्हणायची, "काऊन जाता हो? लोक हासतात तुमाले." ते शांतपणे म्हणत, "हासू दे. आग लागली तं जमादार येईन. हासनारे नाही येनार."

एका उन्हाळ्यात भरदुपारी गोदामातल्या कापसाने पेट घेतला. मी तेव्हा कॉलेजच्या सुट्टीत तिथेच होतो. ज्वाळा शेवटच्या खोलीकडे सरकत होत्या, आणि त्या खोलीच्या भिंतीला लागून बांगडीवाल्या चाचांचं घर होतं. चाचांचे मुलगे बादल्या घेऊन त्या खोलीत पाणी ओतायला धावले, तोच बंब आला. जमादाराने उतरता उतरताच त्यांना अडवलं. "थांबा बे. तिथं पानी नोका टाकू. कार्बाइड हाय आत."

यात्रेतल्या दिव्यांसाठी मावसाजींनी कार्बाइडचे डबे आणून ठेवले होते. त्याला पाणी लागलं की गॅस सुटतो, आणि जवळ आग असली की स्फोट. गल्लीत हे कोणाला ठाऊक नव्हतं. जमादाराला मात्र मावसाजींनी माल आला त्याच दिवशी ती खोली दाखवली होती. त्याने पाण्याचा मारा कापसावर धरला आणि डबे कोरडेच मागच्या दाराने मैदानात हलवायला लावले. एक डबा मावसाजींनी स्वतः डोक्यावरून नेला. अर्धं गोदाम गेलं. चाचांच्या घरातली बांगडीसुद्धा तडकली नाही.

धूर निवल्यावर चाचा आले. मावसाजींचे काळवंडलेले हात हातात घेऊन म्हणाले, "शेठ, मी बी हासत होतो तुमाले."

मावसाजी एवढंच म्हणाले, "पोरं बरी हायेत ना?"

उंचीने ते जेमतेम माझ्या खांद्याला लागत. पण त्या वेळी त्यांच्याकडे बघताना मला मान वर करावीशी वाटली.

पुढे मावशी गेली, गोदाम विकलं, गुडघ्यांनी बंबाकडची वाट बंद केली. तेव्हा निवृत्त झालेला जमादारच संध्याकाळी त्यांच्याकडे येऊ लागला. एकदा मी गेलो तेव्हा दोघं ओट्यावर बसले होते. जमादाराने हसत विचारलं, "आज काय वर्दी, शेठ?"

मावसाजींनी आतल्या रिकाम्या घराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "आता सांगन्यासारखं काही नाही राह्यलं. पन तुमी येत जा."