इटलीचं कॉफीचं भांडं

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे लेथवाले भावोजी नसते, तर मी आज आंधळी असते, नाहीतर नसतेच. ते मूळचे मुरगूडचे. इंजिनं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात लेथ चालवायचे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत त्यांच्याबद्दल अजून वाईट बोलतात, आणि ते माझ्यामुळे. म्हणून आधी त्यांचं सांगितलं. आता झालं काय ते सांगते.

मी वऱ्हाडातली. चौथीत शाळा सुटली, सतराव्या वर्षी लग्न होऊन कोल्हापुरात आले. मी ‘करून राहिली’ म्हटलं की नळावरच्या बाया हसायच्या, मग मी बोलणंच कमी केलं. आमचे हे लढाईत इटलीला होते. तिथून दोन गोष्टी घेऊन आले: उठल्या उठल्या काळी कॉफी प्यायची सवय, आणि न आवरणारा हात. कॉफी पोटात गेली की माणूस माणसात यायचा. नाही मिळाली तर भांडी, दारं, समोरचा माणूस, काही बघायचे नाहीत. माझ्यावर दोनदा हात टाकला, आणि दोन्ही वेळा मागून हेच मोरीत बसून रडले. दोन नोकऱ्या अशाच घालवल्या. दुसऱ्या नोकरीत मुकादमाचा जबडा फोडला होता. तिकडून आणलेलं कॉफीचं भांडंसुद्धा त्यांनीच एका सकाळी फरशीवर आपटून दुभंगलं.

तिसरी नोकरी मिळाली ती उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हरची. सोमवारी रुजू व्हायचं होतं. मोटारीच्या मालकांनी बजावलं होतं की मारामारीचा एक शब्द कानावर आला तर घरी बसा. मला रात्रंदिवस तोच घोर. वाटायचं, सकाळची कॉफी नीट मिळाली तर ही नोकरी टिकेल.

त्याच सुमाराला लढाईत वळिवड्याच्या छावणीत आसऱ्याला आलेली पोलंडची माणसं जायला निघाली होती आणि त्यांचं सामान बाजारात विकायला येत होतं. एका जुन्या सामानवाल्याकडे मला हुबेहूब तशीच दोन भांडी दिसली. खाली पाण्याचा डबा, मध्ये पूड घालायची चाळणी, वर कॉफी चढते ती किटली. मोका पॉट हे त्याचं नाव मला फार उशिरा कळलं. एक भांडं मोठं आणि चकचकीत होतं, दुसरं लहान, काळवंडलेलं. मी घागर पारखतात तशी पारखली. बोटाच्या पेरानं वाजवली, पाणी भरलं, बाहेरून पदरानं कोरडी केली आणि बघत बसले. मोठ्याचे आटे झिजलेले, तिथून पाणी गळायला लागलं. लहानाचे आटे गच्च बसत होते. त्याच्या पोटावर हरभऱ्याएवढी पितळी टिकली होती, तिच्या मधल्या छिद्रातून तेवढा एक थेंब आला. एवढी गळती बुजवता येते, म्हणून मी लहान घेतलं.

वाटेत कल्हईवाला बसला होता. अॅल्युमिनियमला डाग धरत नाही, पण पितळेला धरेल, असं तो म्हणाला आणि त्यानं टिकलीवर कथलाचा टपोरा डाग देऊन छिद्र बंद करून टाकलं. आमच्यात गळकं भांडं चुलीवर चढवत नाहीत. मी शहाणपणाचं काम केलं असंच मला वाटत होतं.

सोमवारी हे मोरीत अंघोळीला गेले. मी कॉफी खलबत्त्यात कुटली, वस्त्रगाळ केली, चाळणीत अंगठ्यानं दाबून दाबून भरली. स्टो भरारला. पाणी उकळल्याचा आवाज आला, पण वर कॉफी काही येईना. मी पंप मारला. भांडं बसल्या जागी थरथरायला लागलं.

तेवढ्यात भावोजी काडेपेटी मागायला दारात आले. त्यांची नजर भांड्यावर गेली.

“वैनी, ह्या टिकलीचं भोक कुठं गेलं?”

“गळत होतं. बुजवून आणलं.”

सरका, म्हणाले. मी सरकले नाही. आजचा पहिला दिवस, कॉफी अर्धवट कशी सोडू? त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. माझी वेणी मुठीत धरली आणि मला फरफटत दाराकडे ओढलं. माझं कपाळ उंबऱ्यावर आपटलं. मी किंचाळले.

हे मोरीतून ओलेते धावत आले, हातात पितळी तांब्या. तो त्यांनी भावोजींच्या तोंडावर घातला. दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. परत घातला, परत घातला. गल्ली दारात गोळा झाली, आणि एकजण ओरडला, “हाण की, सोडू नगंस.” भावोजींनी एकदाही उलटून मारलं नाही. त्यांनी यांच्या गुडघ्यांना मिठी मारली, यांना खाली पाडलं आणि अंगावर पालथे पडून राहिले. रक्तानं भरल्या तोंडानं ते स्टो, स्टो म्हणत होते. हे खालून त्यांच्या बरगड्यांत बुक्क्या हाणत होते.

आणि भांडं फुटलं.

किटली कौलं फोडून वर गेली. फळी खाली आली, भिंतीवर उकळता गाळ उडाला. डब्याचा एक तुकडा भावोजींच्या उजव्या हातातून गेला. तो हात यांच्या डोक्यावर होता. दोन बोटं जागच्या जागी गेली. वरची वाट दाबलेल्या पुडीनं बंद झाली होती आणि कोंडलेली वाफ सुटायचं ते भोक मी बुजवून आणलं होतं, हे मला मागाहून कळलं.

यांनीच त्यांना पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. हवालदार विचारायला आला तेव्हा मी खाटेपाशी उभी होते. भावोजींनी टाके घातलेल्या ओठांनी सांगितलं की स्टो भडकला. दातांचं विचारलं तर म्हणाले, पळताना पडलो. हवालदार गेल्यावर मी विचारलं, असं का सांगितलं?

“ह्यो आत गेला तर तुमी कुठं जाणार? तुमचं म्हायेर हितं हाय व्हय?”

स्टो भडकल्याचं सांगून हे दुसऱ्या दिवशी मोटारीवर रुजू झाले.

पण गल्लीनं जे बघितलं ते बघितलंच होतं. वेणीला हात घातला म्हणून मार खाल्ला, असं नळावर ठरलं. गल्ली यांच्या बाजूची, म्हणून मारामारी गल्लीतच राहिली; खरं सांगितलं असतं तर यांनी बिनगुन्ह्याच्या माणसाला तांब्यानं फोडलं हे मोटारीच्या मालकांपर्यंत गेलं असतं. मी गप्प बसले. दोन बोटं गेल्यावर लेथ सुटलीच, पुढं गल्लीनं खोलीही सोडायला लावली. भावोजी वळकटी डाव्या काखेत मारून मुरगूडला गेले. माझ्या दारावरून जाताना त्यांनी आत बघितलं नाही. माझी आणखी बदनामी नको म्हणून असेल.

या गोष्टीला दहा वर्षं होत आली. हे अजून मोटार चालवतात. त्या दिवसापासून हात उचलला नाही असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. कमी झालंय, इतकंच. मुरगूडात भावोजींचं लग्न दोनदा मोडल्याचं कानावर आलं. दोन्ही वेळा पेठेतलं बोलणं तिथवर पोचलं होतं.

मुरगूडची गाडी रोज सुटते. मी दोनदा स्टँडवर जाऊन परत आले. पण मी जाणार आहे. त्यांच्या अंगणात, त्यांच्या भावकीसमोर उभी राहून त्यांनी ती वेणी कशासाठी धरली, हे माझ्या तोंडानं सांगणार आहे, मग इथं काय व्हायचं ते होवो. भावोजी, तुमचं हे देणं मी फेडीन.